क्लेरोडेंड्रमची नावं लिहिताना या चुका टाळा

भारंगीचं शास्त्रीय नाव शोधायला गेलात तर जुन्या पुस्तकात क्लेरोडेंड्रम सेराटम मिळतं, अलीकडच्या पुस्तकात रोथेका सेराटा, आणि फारच जुना ग्रंथ हाती लागला तर व्होल्कामेरिया सेराटा. तिन्ही नावं एकाच झुडपाची आहेत. क्लेरोडेंड्रम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटातल्या झुडपांची नावं इतक्या वेळा हलली आहेत की रोपांच्या पाट्यांवर, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, कागदांवर आणि वनस्पतींच्या याद्यांमध्ये त्याच त्या चुका सतत भेटतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सरसकट बदल. ‘क्लेरोडेंड्रमचं आता रोथेका झालं’ एवढंच कुठेतरी वाचायचं आणि अख्ख्या यादीत एक शब्द काढून दुसरा घालायचा. मी स्वतः हे केलं आहे. संगणकावर एका झटक्यात नावं बदलली आणि समुद्रकाठची वनजाई भारंगीच्या प्रजातीत (म्हणजे ‘जीनस’मध्ये; ‘जाती’ म्हणजे तिच्यातली ‘स्पीशीज’) जाऊन बसली. ती तिथली नाहीच. पुढे प्रत्येक नोंद मूळ नमुन्याशी ताडून दुरुस्त करायला कितीतरी दिवस गेले.

म्हणून आधी काय घडलं ते नीट समजून घ्या. जुनं क्लेरोडेंड्रम हे फार मोठं गाठोडं होतं. लांब नळीची फुलं, बाहेर डोकावणारे लांब केसर आणि समोरासमोर पानं असली की झुडूप त्यात टाकलं जाई. नव्वदच्या दशकात डीएनएचा पुरावा हाती येऊ लागला आणि या गाठोड्यात वेगवेगळ्या घरची मंडळी एकत्र बांधली गेल्याचं दिसलं. १९९८ मध्ये डोरोथी स्टीन आणि डेव्हिड मॅबर्ली यांनी भारंगी आणि तिचे सगेसोयरे बाहेर काढून रोथेका ही प्रजाती पुन्हा उभी केली. पुन्हा म्हणायचं कारण असं, की रॅफिनेस्क या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव १८३८ मध्येच दिलं होतं, पण ते अडगळीत पडलं होतं. मग २०१० मध्ये युआन आणि सहकाऱ्यांनी वनजाईचा गट वेगळा केला. त्याला व्होल्कामेरिया हे लिनियसच्या काळातलं नाव परत मिळालं. उरलेली बरीच झुडपं क्लेरोडेंड्रममध्येच आहेत. भांडीरा म्हणजे क्लेरोडेंड्रम इनफॉर्च्युनेटम तर कुठेच जाणार नाही, कारण त्याच्यावरच ही प्रजाती उभी आहे.

रोथेका या नावाची कहाणी मला फार आवडते. मल्याळममध्ये भारंगीला चेरुतेक्कू म्हणतात, म्हणजे ‘छोटा साग’. सतराव्या शतकात निघालेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात ते नाव आलं आणि रॅफिनेस्कने त्याला लॅटिन रूप दिलं. लोकांनी ज्या झुडपाला सागाचं भावंड मानलं, ते आणि साग आज खरोखरच एका कुलात आहेत. कुलाकडे पुढे येतोच.

दुसरी चूक नावाच्या शेपटाची, म्हणजे शेवटच्या अक्षरांची. प्रजाती बदलली की जातीच्या नावाचं लिंगही बदलतं. क्लेरोडेंड्रम नपुंसकलिंगी, तर रोथेका आणि व्होल्कामेरिया स्त्रीलिंगी. त्यामुळे सेराटमचं सेराटा होतं, इनर्मीचं इनर्मिस होतं. ‘रोथेका सेराटम’ असं लिहिलेली पाटी दिसली की समजावं, कुणीतरी पहिलाच शब्द बदलून थांबलं आहे. मायरिकॉइडीस हे जातीचं नाव मात्र तसंच राहतं, कारण ‘-ऑइडीस’ हा शेवट तिन्ही लिंगांत सारखाच असतो. नव्या नावाने शोधूनही एखादी नोंद सापडत नसेल तर आधी हे शेपूट तपासा, मग जातीच्या नावाचा पहिला भागच तेवढा घालून शोधा. हमखास सापडते.

नावाच्या शेवटी असणारा कर्ता, म्हणजे ते नाव देणाऱ्याचं नाव, आणि कंस अनावश्यक समजून गाळू नका. वनजाईला लिनियसने १७५३ मध्ये व्होल्कामेरिया इनर्मिस म्हटलं. गार्टनरने १७८८ मध्ये तिला क्लेरोडेंड्रममध्ये हलवलं, तेव्हा लिनियसचं नाव कंसात गेलं आणि गार्टनरचं बाहेर आलं. आता ती मूळ जागी परतली आहे, म्हणून कंस गेला आणि लिनियस एकटाच उरला. म्हणजे कंस आहे की नाही एवढ्यावरून झुडपाने मुक्काम हलवला की नाही ते कळतं. भारंगीचं तर उलटं झालं. लिनियसने १७६७ मध्ये तिलाही व्होल्कामेरियात ठेवलं होतं, पण ती तिथे परतलेली नाही. जुन्या ग्रंथातलं व्होल्कामेरिया सेराटा पाहून ‘हेच नवं नाव’ असा समज करून घेऊ नका.

आता कूळ. हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १८८५ च्या खंडात हा सगळा गट व्हर्बिनेसीत, म्हणजे घाणेरीच्या कुलात आहे. स्वीडनच्या युनेल यांनी १९३४ मध्ये किंजपुटाची (फुलातल्या बीजकोशाची) रचना बारकाईने पाहून यातल्या बऱ्याच प्रजाती तुळशीच्या कुलात, म्हणजे आजच्या लॅमिएसीत, जायला हव्यात असं मांडलं होतं. ते सर्वमान्य व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. साग, शिवण, निर्गुडी आणि हा सारा गट लॅमिएसीत गेला. पण व्हर्बिनेसी रिकामी झालेली नाही. घाणेरी आणि ड्युरांटा तिथेच आहेत. तिवर तर तिसरीकडेच, अडुळशाच्या कुलात गेलं. तेव्हा कूळही एकेक झाड पाहूनच बदला.

ओळखताना फुललेल्या फुलाकडे पाहून लांब केसरांवर विसंबू नका, ते या सगळ्यांतच असतात. शिवाय त्यांची जागाही बदलते. फूल उमलतं तेव्हा केसर पुढे झेपावलेले आणि किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) बाजूला वळलेला असतो. पुढे केसर गुंडाळून मागे जातात आणि किंजल त्यांच्या जागी येतो. एकाच झुडपावरची दोन फुलं दोन वेगळ्या जातींची वाटावीत इतका हा फरक असतो.

त्यापेक्षा न उमललेली कळी आडवी धरून पाहा. रोथेकाची कळी खालच्या बाजूने एकदम फुगलेली असते, पोट सुटल्यासारखी. वनजाईचं फळ पाहा. ते वाळलं की बुचासारख्या हलक्या चार तुकड्यांत फुटतं आणि पाण्यावर तरंगत जातं. भांडीऱ्यात फूल गळल्यावर हिरवा संवर्त (फुलाखालची हिरवी वाटी) लाल होऊन चांदणीसारखा पसरतो आणि मधोमध काळंनिळं चकचकीत फळ बसलेलं दिसतं. हा लाल संवर्त वाळलेल्या नमुन्यात करडा पडतो, म्हणून रंग त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून ठेवा.

भांडीऱ्याचा आणखी एक घोळ आहे. अनेक पुस्तकांत हेच झुडूप क्लेरोडेंड्रम व्हिस्कोसम म्हणून येतं. यादीत दोन्ही नावं वेगळी मोजली तर एका झुडपाच्या दोन जाती होतात. अशा वेळी क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर मान्य नाव पाहून घ्या. पाटीवर ते नाव मोठ्या अक्षरांत लिहा, खाली जुनं नाव लहान अक्षरांत ठेवा. हर्बेरियमच्या कागदावर मात्र जुनी चिठ्ठी काढू नका. तिच्याशेजारी नवी चिकटवा आणि तारीख घाला.