तलवारींची तुलना करताना या चुका टाळा

"जपानची कटाना भारी की युरोपची सरळ पात्याची लाँगस्वॉर्ड? आणि आपल्या धोप तलवारीपुढे दोघींपैकी कोण टिकेल?" शस्त्रप्रदर्शनात टेबलामागे उभा राहिलो की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. प्रश्नावर माझा राग नाही. राग येतो तो विचारणारा उत्तर ठरवूनच आलेला असतो याचा. तलवार कुणाच्या हातात होती, समोर काय चिलखत होतं, कुठलं शतक होतं, यातलं काहीच त्याला ऐकायचं नसतं.

मूठ नीट न धरता निकाल देणं

"आपल्याकडच्या तलवारीची मूठ एवढी लहान, म्हणजे पूर्वी माणसांचे हातच लहान असणार." हे वाक्य ऐकून ऐकून मी थकलो आहे.

एकदा दोन वर्षं लाँगस्वॉर्ड शिकलेला एक मुलगा आला. मी घडवून घेतलेली आपल्याकडच्या वाकड्या तलवारीची प्रतिकृती त्याने उचलली आणि शिकल्याप्रमाणे हात लांब करून सरळ भोसकण्याचा पवित्रा घेतला. मुठीच्या टोकाची चकती त्याच्या मनगटात रुतली. दोन-तीनदा तसंच करून त्याने तलवार खाली ठेवली आणि म्हणाला, "रचनाच चुकली आहे."

मी ती परत त्याच्या हातात दिली. मूठ घट्ट आवळायला लावली, तर्जनी पुढच्या आडव्या दांड्यावरून वळवायला सांगितली. मनगटातून झटका द्यायचा नाही. खांदा आणि कोपरातून वार आणायचा आणि लागता लागता पातं आपल्याकडे ओढायचं. वाकडं पातं ओढून कापण्यासाठीच असतं. ती चकती आणि अरुंद मूठ मिळून पंजा जखडून ठेवतात, म्हणजे ओढताना हात निसटत नाही. पंधरा मिनिटांनी पात्याची शीळ एकसारखी यायला लागली. धार वाराच्या रेषेत असली की ती तशी येते. त्यानंतर त्याने रचनेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

नवी तलवार हाती आली की पहिला अर्धा तास मी ती फिरवत नाही, नुसती धरतो. टोचली तर आधी माझी पकड बदलतो. शेकडो वर्षं लोकांनी जीव ज्याच्या भरवशावर टाकला, त्याच्यात दोष काढण्याआधी एवढं तरी करावं.

शोभेच्या तलवारीवर कसोटी घेणं

याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. एका ओळखीच्या माणसाने भिंतीवर लावायच्या दोन स्टेनलेस स्टीलच्या तलवारी आणल्या, एक 'जपानी', एक 'युरोपी', आणि अंगणात बांबू रोवून कुठली श्रेष्ठ ते ठरवायला बसला. मी नको म्हटलं, पण त्याला घाई होती. तिसऱ्या घावाला 'युरोपी' पातं मुठीपाशी तुटलं, माझ्या डाव्या बाजूने गेलं आणि मागच्या कुंडीवर आदळलं. कुंडीचे दोन तुकडे झाले. तिथे मघाशी त्याची मुलगी उभी होती.

मूठ उघडून पाहिली तर आत पात्याचा भाग नव्हताच. बोरूएवढी सळई वेल्ड करून चिकटवली होती. अशा वस्तूवरून दोन संस्कृतींच्या लोहारांना गुण देणार? मूठ उघडून आतलं दिसत नसेल, तर मी ती तलवार फिरवत नाही. आणि खरी जुनी तलवार तर कसोटीला काढूच नये. आपल्याकडच्या तलवारींची पाती मुठीत राळेच्या मिश्रणाने बसवलेली असत; इतक्या वर्षांनी ती राळ धरेल याची खात्री कोण देणार?

बाकीच्या, थोडक्यात

वजन: लाँगस्वॉर्ड म्हणजे दहा किलोचं लोढणं नव्हे. ती साधारण सव्वा ते दीड किलोची असते, कटाना किलो-सव्वा किलोची. आधी तराजू आणा.

घड्या: कटानाचं पोलाद तापवून, ठोकून त्याच्या घड्या घालतात. दहा घड्यांत १,०२४ थर होतात, पंधरा घड्यांत ३२,७६८. थर वाढले म्हणून ताकद वाढत नाही. लोखंडी वाळूपासून काढलेल्या पोलादातला मळ काढायला आणि कार्बन सारखा पसरवायला घड्या घालत. कटानाचं खरं कौतुक करायचं तर मातीचा लेप देऊन पाणी पाजण्याचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवण्याचं करा. त्याने धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. मात्र वार चुकला की ती वाकते आणि वाकलेलीच राहते. स्प्रिंगसारखं पाणी दिलेलं युरोपी पातं वाकून सरळ होतं, पण त्याची धार तितकी कडक नसते.

काळ: दहाव्या शतकातली व्हायकिंग तलवार सतराव्या शतकातल्या कटानासमोर उभी करू नका.

चिलखत: पोलादी पत्र्याचं चिलखत कुठलीच तलवार कापत नाही. युरोपातले योद्धे डाव्या हाताने स्वतःचंच पातं मधोमध धरून टोक फटीत घुसवत, नाहीतर सरळ गदा उचलत.

देश पाहून गुण देणं

मराठ्यांची फिरंग घ्या. मूठ इथली, पातं बऱ्याचदा युरोपातून आलेलं. मग गुण कुणाला द्यायचे?

ब्रिटिश घोडदळातला अधिकारी लुई नोलन याने १८५३ साली छापलेला एक प्रसंग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. निजामाच्या घोडेस्वारांनी एका लढाईत केलेल्या भयंकर जखमांविषयी ऐकून त्याने त्यांच्या तलवारींची चौकशी केली. निघाली ती ब्रिटिश ड्रॅगूनांनी, म्हणजे त्यांच्या घोडदळातल्या सैनिकांनी, टाकून दिलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. ब्रिटिश सैनिकांची पाती लोखंडी म्यानात घासून बोथट होत. हे वाचल्यापासून कोणी तलवार दाखवायला आणली की मी म्यानही मागून घेतो.