सरकारी प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान आपल्या कारखान्यात आणताना

ट्रॉम्बेचे भाभा अणु संशोधन केंद्र, माटुंग्याची १९२४ पासूनची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि पवईची ‘समीर’ ही मायक्रोवेव्ह-इलेक्ट्रॉनिकी संशोधन संस्था एकाच शहरात असल्यामुळे मुंबईच्या लघुउद्योजकाला संशोधनासाठी दूर जावे लागत नाही. अडते ते बहुधा पहिल्या पत्रापाशी. ‘मालाचा दर्जा सुधारायचा आहे’ एवढेच लिहिलेले पत्र मेजावर पडून राहते. त्याऐवजी, उदाहरणार्थ, निकेल प्लेटिंगच्या (धातूवर निकेलचा मुलामा चढवण्याच्या) टाकीतून रोज किती लिटर पाणी बाहेर पडते, त्यात निकेल किती, पीएच (आम्लतेचे माप) किती आणि सुटीनंतर सोमवारी सकाळी हे आकडे कसे बदलतात, असे लिहावे. अशा पत्राला उत्तर देणे शास्त्रज्ञालाही सोपे जाते.

त्यानंतर आपल्याला नुसती चाचणी हवी आहे, तयार तंत्रज्ञान हवे आहे की एकत्र बसून नवे काही घडवायचे आहे, हे ठरवावे. चाचणीचे दर ठरलेले असतात, त्यात फारसे बोलण्यासारखे नाही. तयार तंत्रज्ञान परवान्याने मिळते आणि त्यासाठी सहसा एकरकमी शुल्क व विक्रीवर स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यावे लागते. हा परवाना बहुधा एकट्याला मिळत नाही. भाभा केंद्राचे पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या गाळणी-पटलाचे जलशुद्धीकरण यंत्र नळाच्या दाबावर, विजेशिवाय चालते आणि पाण्यातील गढूळपणा व जिवाणू अडवते. पण विरघळलेले क्षार काढत नाही. हे यंत्र बनवण्याचा परवाना अनेकांना दिला गेलेला असल्याने खरी चढाओढ तंत्रज्ञानात नसून जोडणीच्या सफाईत आणि विक्रीनंतरच्या सेवेत आहे.

संयुक्त संशोधनात सर्वांत जास्त वेळ करारावर घालवावा, आणि तो वाया गेला असे मानू नये. दोन्ही पक्षांजवळ आधीपासून असलेले ज्ञान कोणाचे आणि नव्याने निर्माण होणारे कोणाचे, हे वेगवेगळे लिहावे. शास्त्रज्ञाला शोधनिबंध हवा असतो, ते रास्तही आहे. मात्र पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी निबंध छापला गेला तर शोधाचे नावीन्य धोक्यात येते आणि अर्जाच्या तारखेपासून मिळणारे २० वर्षांचे संरक्षण हातचे जाते. म्हणून मसुदा आधी उद्योजकाला दाखवण्याची मुदत करारातच घालावी.

मी स्वतः चुकलो ते पुढच्या टप्प्यावर. प्रयोगशाळेत दोन लिटरच्या काचपात्रात उत्तम जमलेली प्रक्रिया आमच्या पाचशे लिटरच्या टाकीत फसली, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही, उष्णता आतच कोंडते आणि ढवळणीही तळापर्यंत सारखी पोहोचत नाही. ते निस्तरायला आमच्या गाळ्यावर कोणी यायचे, याबद्दल करारात अवाक्षर नव्हते. आता मी शास्त्रज्ञांच्या भेटींचे दिवस, यश मानण्याचे मोजमाप आणि त्या मोजमापाला बांधलेला शेवटचा हप्ता लिहून घेतल्याशिवाय सही करत नाही. उत्पादन बाजारात नेण्याच्या खर्चासाठी केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाकडे कर्जाचा अर्ज करता येतो, पण त्यांनाही हेच कागद दाखवावे लागतात.

पहिल्या भेटीला सर्व आकडे छापील न्यावेत. कडक सुरक्षेच्या आवारात मोबाइल प्रवेशद्वारापाशीच ठेवावा लागतो, आणि टाकीचे फोटो त्याच्यातच राहतात.