व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपी घेताय आणि घरात शुगरवालं म्हातारं माणूस आहे? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता घरोघरी हेच, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला, घरात दोघंच म्हातारी, आणि गुडघ्याची फिजिओथेरपी मोबाईलवर. कणकुंबी-जांबोटीकडनं पावसाळ्यात बेळगावला यायचं म्हटलं की अख्खा दिवस जातो, त्यामुळं सोय चांगलीच आहे, वादच नाही. पण शुगर असलेल्या माणसाचं निम्मं दुखणं कॅमेऱ्यात दिसतच नाही, ते घरच्यांनीच सांगायला लागतं आणि तिथंच घोळ होतो.

"गुडघा दुखूलालंय बघा", झालं, एवढंच सांगतात. बाकी काय त्रास विचारलं तर "थोडी शुगर आहे". थोडी म्हणजे किती ओ? गोळी कुठली, इन्सुलिन आहे का, डोळ्याचा पडदा कधी तपासला? नावं वाचत बसू नका, गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. नुसती मेटफॉर्मिन असेल तर व्यायामानं शुगर फार खाली जायची भीती कमी, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड नाहीतर इन्सुलिन असेल तर ती भीती खरी आहे. आणि डोळ्याच्या पडद्यावर शुगरचा परिणाम जास्त झाला असेल तर श्वास रोखून जोर लावणं, डोकं खाली घालून वाकणं हे प्रकार चालत नाहीत.

सगळ्यात जास्त गडबड सकाळी. कॉल आठचा, आजोबांनी साडेसातला गोळी घेतली, नाष्टा म्हणे कॉल झाल्यावर, आणि नेमकं नेटवर्क गेलं, कॉल लागला पावणेनऊला. पोट रिकामं, गोळी आत गेलेली आणि वर खुर्चीवरनं उठा-बसा. हात थरथरायला लागले, घाम फुटला की घरचे म्हणतात वय झालं आता. वय नाही, शुगर उतरलीय! त्यामुळं कॉल कितीही लांबू दे, गोळी आणि नाष्टा यांची फारकत करू नका. व्यायामाआधी ग्लुकोमीटरवर बघा, वरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि आकडा १०० च्या खाली असेल तर आधी एक केळं खाऊ दे. ७० च्या खाली असेल तर व्यायाम बंद, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. इथं कुंदा किंवा पेढा देऊ नका, त्यातल्या खव्या-तुपामुळं साखर रक्तात सावकाश चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ लावा. आकडा ३०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नाही.

बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर धडधड, थरथर नीट कळतच नाही, घामावर लक्ष ठेवा.

मग पाय. घरात चप्पल घालायची नाही ही आपली रीत, पण तळवा बधिर झालेल्या माणसाला खडा टोचला तरी समजत नाही. देवघर सोडून बाकी घरात घालायला वेगळी, मागं पट्टा असलेली चप्पल आणा. बधिरपणा फोनवर फिजिओला तपासता येत नाही, तुम्हाला येतो. आजीला डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट हलकं एक-दोन सेकंद टेकवा, दाबायचं नाही, आणि कळलं की सांग म्हणा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर हे फिजिओला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, फोड आल्यावरच चटका बसलेला कळतो.

खांद्याचं पण ऐका. शुगरवाल्यांत खांदा आखडणं नेहमीचंच, आणि शेजारचे काका सांगतात जोरात ओढा, मोकळा होतो. ओढू नका.

आता कॅमेरा. नातू फोन हातात धरून हलत राहतो, वर आजीला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं पण हाच देतो! फोन डब्याला टेकवून ठेवा, बाजूनं डोक्यापासनं पायापर्यंत माणूस दिसू दे, खिडकी पाठीमागं नको, साडीचा घोळ गुडघ्याच्या वर खोचा. नातवानं आजीच्या बाजूला उभं राहायचं, तोल गेला तर धरायला. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, लाकडाची घ्या आणि पाठ भिंतीला लावा. झोपून व्यायाम झाला की आधी बसू दे, मग उठू दे, काहींचं बीपी एकदम उतरतं आणि चक्कर येते.

आणि काही गोष्टींसाठी कॉलची वाट बघायचीच नाही. पायाला जखम झाली, किंवा एकच पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर दुखत नसला तरी त्यावर भार टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. व्यायाम करताना छातीत न दुखता नुसता दम लागला, घाम आला तरी शुगरवाल्यांत ते हार्टचं असू शकतं, तेव्हा फिजिओला नाही, १०८ ला फोन.