दुसऱ्या घरातून आलेला पोपट चावतोय, ओरडतोय? या चुका टाळा

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आला तेव्हा तो ११ वर्षांचा होता आणि आमचं घर त्याचं तिसरं. सोबत माहिती मिळाली ती एवढीच की "चावतो, जरा जपून". हे पक्षी ४० वर्षं आणि कधीकधी त्याहूनही जास्त जगतात, त्यामुळे मालकाचं वय होतं, घरात बाळ येतं, नोकरी बदलते आणि पक्षी पुढच्या घरी जातो, यात पक्ष्याचा काहीच दोष नसतो. पण नव्या घरात आपण ज्या चुका करतो त्याने तो अजून बिघडतो आणि मग पुन्हा घर बदलायची वेळ येते, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली चूक म्हणजे घाई. पोपट आला की सगळं घर पिंजऱ्याभोवती जमतं, कोणी बोट घालतं, कोणी मोबाईल धरतं, आणि पक्षी गप्प बसलेला असतो म्हणून सगळ्यांना वाटतं किती शांत आहे. तो शांत नसतो, घाबरलेला असतो. दोनतीन आठवड्यांनी जरा रुळला की मग खरा स्वभाव दिसतो आणि लोक म्हणतात, आधी बरा होता, आता अचानक चावायला लागला. पहिले काही दिवस फक्त जवळ बसा, हळू आवाजात बोला, खाणं द्या आणि हात बाहेर ठेवा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून हवी, खोलीच्या मधोमध ठेवला तर त्याला चारी बाजूंनी धोका वाटतो. स्वयंपाकघरात तर अजिबात नको, नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

जुना पिंजरा, जुनी खेळणी, जुनं खाणं सुरुवातीला तसंच राहू द्या. नुसत्या बियांवर वाढलेला पक्षी बघून आपल्याला वाईट वाटतं आणि आपण पहिल्याच दिवशी वाटीत पेलेट्स (पक्ष्यांसाठीच्या तयार खाण्याच्या गोळ्या) भरतो, पण अनेक पोपट पेलेट्सना खाणं म्हणून ओळखतच नाहीत आणि उपाशी राहतात. बदल करायचा तर हळूहळू, आणि रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन बघून. वजन १०% घटलं तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, कारण पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात.

आता चावण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पोपट चावायच्या आधी बरंच काही सांगत असतो. डोळ्यातली बाहुली पटपट लहानमोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, अंग एकदम ताठ होतं किंवा तो मागे झुकतो. कॉकटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) असेल तर तुरा डोक्याला चिकटतो आणि फिस्स असा आवाज येतो. मलाही सांगण्यात आलं होतं की हात मागे घेऊ नको, नाहीतर त्याला वाटेल तो जिंकला. मी महिनाभर तेच केलं. परिणाम असा की आमच्या पोपटाने इशारे देणंच बंद केलं, कारण इशारे देऊन काही होत नाही हे तो शिकला, आणि मग सरळ चावायला लागला, रक्त येईपर्यंत. तो मागे झुकला की हात थांबवायचा आणि बाजूला न्यायचा, बस. खांद्यावर किंवा उंचावर बसला की डोक्यावर चढतो वगैरे पण काही खरं नाही. उंचावर त्याला सुरक्षित वाटतं आणि तिथून खाली यायला तो तयार नसतो, एवढाच तो प्रश्न आहे.

उलटी चूकही होते बरं का. हातावर येण्याआधी पोपट चोचीने बोट चाचपतो, ते चावणं नसतं, फांदी भक्कम आहे का बघणं असतं. आपण दचकून हात ओढला की त्याचा तोल जातो, पुढच्या वेळी तो जास्त घट्ट पकडतो आणि आपल्याला वाटतं चावरा आहे.

जाड ग्लोव्हज घालून पकडणं तर पूर्ण टाळा. आमचा पोपट ग्लोव्हज नुसते टेबलवर दिसले तरी पिंजऱ्यात आपटायला लागायचा, आधी कधीतरी त्याला तसंच पकडलं असणार. म्हणून आधीच्या घराला नीट विचारा: कशाला घाबरतो, टोपी, झाडू, पुरुष, लहान मुलं? झोपायला कधी जायचा? कोणते शब्द ओळखीचे आहेत?

ट्रेनिंगची सुरुवात टार्गेटने करा. एक साधी काडी घ्या, पिंजऱ्याच्या बाहेरून दाखवा, त्याने टोकाला चोच लावली की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि ट्रीट द्या. ट्रीट कोणती ते तोच सांगतो, वाटीतून सगळ्यात आधी काय उचलतो ते बघा आणि ते वाटीतून काढून फक्त ट्रेनिंगला वापरा. ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्याचा मूड असतानाच थांबा. मग काडीमागून एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर, मग हातात धरलेल्या दांडीवर, मग हातावर. आम्हाला हातापर्यंत यायला चार महिने लागले. शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी ३० वर्षं अभ्यासलेला अ‍ॅलेक्स हा ग्रे पोपट, २००७ मध्ये गेला, तो टेस्टला कंटाळला की मला परत जायचंय असं चक्क शब्दांत सांगायचा. आपला पोपट तेच पाठ फिरवून सांगतो, तेव्हा त्याला जाऊ द्या.

ओरडणं. सकाळी आणि सूर्य मावळताना थोडा आरडाओरडा होणारच, थव्यात राहणारे पक्षी आहेत, एकमेकांना हाका मारतात. पण तो ओरडतो आणि आपण दुसऱ्या खोलीतून "गप्प बस" म्हणतो, म्हणजे त्याला उत्तर मिळालं. दुसरी चूक याहून मोठी, दहा मिनिटं दुर्लक्ष करायचं आणि आवाज असह्य झाला की धावत जायचं. दुर्लक्ष सुरू केलं की ओरडणं आधी वाढतं, आणि नेमक्या त्या वेळी गेलात की तो शिकतो की एवढं जोरात ओरडायचं असतं. त्यापेक्षा एखादी शिट्टी ठरवा, त्याने शिट्टी मारली की घरात कुठेही असा, लगेच उत्तर द्या. शिक्षा म्हणून पिंजरा झाकणं किंवा पाणी उडवणं नको, अंघोळीचं पाणीही मग त्याला नकोसं होतं.

पिसं उपटत असेल तर आधी डॉक्टर, ट्रेनिंग नंतर. इन्फेक्शन, लिव्हरचा त्रास, पिंजऱ्याच्या तारेच्या मुलाम्यातलं झिंक, काहीही असू शकतं. आजार नाही असं कळलं की मग कंटाळा. रानात यांचा दिवसाचा बराच वेळ खाणं शोधण्यात जातो आणि आपण वाटी भरून ठेवतो, दहा मिनिटांत काम संपतं. खाणं कागदात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या डबीत लपवा, शोधू दे त्याला. आणि गोंजारायचं ते फक्त डोक्यावर आणि मानेवर, पाठीवर किंवा पंखाखाली हात फिरवला तर हार्मोन्स खवळतात, तो एका माणसाला जोडीदार समजतो आणि बाकी घरावर धावून जातो. अंधारे खोके, कपाटातले कोपरे पण याच कारणासाठी बंद ठेवा.

एक वही ठेवा, प्रत्येक चाव्याआधी काय झालं ते लिहायला. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात १४ चावे होते आणि त्यातले ९ संध्याकाळी ७ नंतरचे. पोपटाला रोज १० ते १२ तास झोप लागते आणि आमचा पिंजरा टीव्हीच्या खोलीत होता, रात्री साडेअकरापर्यंत लाईट चालू. साडेसातला त्याला मागच्या अंधाऱ्या शांत खोलीत न्यायला लागलो, पुढच्या महिन्यात चावे ३ वर आले.