'वीसला पाव' ऐकू आलं की वही काढा

भाजीवाला "80 रुपये किलो" म्हणायचं सोडून "वीसला पाव" म्हणायला लागला, की भाव चढला असं धरून चालायचं. दुसरी खूण कोथिंबिरीची. भाजी घेतल्यावर चार काड्या आपोआप पिशवीत पडायच्या, त्या पडेनाशा होतात. ढाब्यावर शेवभाजीसोबत कांद्याऐवजी कोबी चिरून येतो. मी बारा वर्षं जळगावात डबे करून देते. सध्या 22 डबे आहेत, बरेचसे एमआयडीसीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे. माझा धंदा डब्यामागे दोन-चार रुपयांवर चालतो, त्यामुळे महागाई मला बातम्यांच्या आधी पिशवीत दिसते. ती कशी ओळखायची, ते सांगते.

आधी एक साधी वही करा. रकाने चारच: तारीख, वस्तू, वजन, पैसे. बायका पैसे लिहितात आणि वजन सोडतात, तिथेच फसगत होते. "चहा 140" लिहिलं, पण पुडा 250 ग्रॅमचा होता की 225 चा, हे सहा महिन्यांनी कुणाला आठवतं? सगळं लिहीत बसू नका, दोन आठवड्यांत कंटाळाल. ज्या आठ-दहा वस्तूंवर खरा पैसा जातो त्याच लिहा. माझ्याकडे तेल, तूरडाळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, ज्वारी, गहू, चहा, साखर आणि गॅस. आपल्या खानदेशी रश्श्याला दाणे-खोबरं सुटत नाही, म्हणून ते दोन माझ्या वहीत वरच्या ओळीत असतात.

ही वही मी तेलाच्या एका डब्यामुळे धरली. नेहमीच्या दुकानात सोयाबीनचा डबा 2250 ला होता. दुसऱ्या दुकानदाराने 2150 ला दिला. शंभर रुपये वाचले म्हणून मी खूश. पण एरवी महिना जाणारा डबा तीन दिवस आधीच संपला. आधी मला वाटलं, हाताखालच्या बाईने तळणात तेल जास्त ओतलं. तिला बोललेसुद्धा. नंतर रिकामा डबा मोडीत देताना नजर गेली: 15 लिटर. जुना होता 15 किलोचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरचे झाले 13 किलो 650 ग्रॅम. भागाकार करा: 2150 चा डबा किलोला एकशे साडेसत्तावन्न पडला, आणि 2250 चा दीडशे. जो महाग म्हणून सोडला तोच स्वस्त होता. बाईची माफी मागितली. पिशवीच्या तेलातही हेच बघा, 1 लिटरच्या पिशवीशेजारी अगदी तशीच दिसणारी 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते.

भागाकार नको असेल तर पाकिटावरच उत्तर छापलेलं असतं. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव असतो, किलोच्या वरचं पाकीट असेल तर किलोचा. लहान पाकीट मोठ्यापेक्षा महाग पडतं की नाही, 'जादा 20 टक्के' लिहिलेला पुडा खरंच फायद्याचा आहे का, हे त्या आकड्यावरून लगेच कळतं. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांवर तर किंमत बघूच नका, वजन बघा. त्यांची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते आणि पुडा हलका होतो. उलटही घडतं. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यानंतर काही पुड्यांची किंमत तीच राहून आतला माल वाढला. तुमच्या दुकानात तेव्हापासून काय बदललं, ते जुन्या वहीवरून पडताळा.

डाळीचं वेगळं आहे. पॅकबंद, लेबल लावलेली डाळ, तांदूळ, पीठ 25 किलोपर्यंत असेल तर त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. 18 जुलै 2022 पासून हे आहे. सुट्या डाळीवर तो नाही. बाजारात 26 किलोचे कट्टे का दिसतात, ते आता कळलं असेल. मी दाणाबाजारातून सुटी तूरडाळ घेते. मूठभर तळहातावर पसरून बघायची आणि दोन दाणे दाताखाली फोडायचे. चार शेजारणी मिळून कट्टा घेतला तर आणखी बरं. डाळवाला दरवेळी "भाव वाढी गया, माय" म्हणतो. मी वही उघडून मागचा भाव वाचून दाखवते. पाच-दहा रुपये कमी होतात कधीकधी. कधी खरंच वाढलेला असतो.

आता वरचे पैसे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे 'थंड करायचे' म्हणून दोन-पाच रुपये जास्त मागणं बेकायदा आहे. भुसावळला गाडीत हा खेळ मी नेहमी बघते. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 15 ची 14 ला झाली, तरी एका विक्रेत्याने माझ्याकडून 20 घेतले. गाडी सुटत होती, पोराला तहान लागली होती, दिले. त्यांचा धंदाच गाडी सुटण्यावर आहे. आता मी चौदा रुपये मोजून मुठीत तयार ठेवते.

कार्डाचे 2 टक्के मागितले तर आधी कार्ड कुठलं ते बघा. डेबिट कार्डाचा खर्च दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. बँक खात्यातून यूपीआय केलं तर जानेवारी 2020 पासून दुकानदारालाच काही कापलं जात नाही, मग आपल्याकडून कशाचे घेतो? क्रेडिट कार्डावर त्याला बँक कापते, हे खरं. तिथे वस्तू बांधायच्या आधीच विचारून घ्या.

हॉटेलच्या बिलात जीएसटी लावला असेल तर वर 15 अंक-अक्षरांचा नंबर शोधा, महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्जही आपोआप लावायचा नाही, 4 जुलै 2022 चा केंद्राचा आदेश आहे. गॅसचा पोरगा घरपोच आणल्याचे 30-40 मागतो. पावतीत घरपोच पोचवणं धरलेलंच असतं. तिसरा मजला चढून आला तर मी खुशीने दहा-वीस देते, पण तो माझा आनंद. घ्यायच्या आधी वजन मात्र करून घ्या. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवा. डब्यांसाठीची 19 किलोची निळी टाकी बहुधा 1 तारखेला भाव बदलते, म्हणून ती महिनाअखेरीला भरून ठेवायची की नाही, हे मी त्या महिन्याच्या बातम्या बघून ठरवते.

बोलताना आवाज चढवू नका. एवढंच म्हणा, "भाऊ, हे जादाचे बिलात लिहून द्या." दहातले सात जण तिथेच पैसे सोडतात. नाही सोडले तर पाकिटाचा, बिलाचा फोटो काढा आणि ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन करा.

मागच्या वर्षी खोबरं आणि तेल दोन्ही चढले. दर वाढवायची लाज वाटली, म्हणून मी पोळीची लाटी बारीक केली. डब्यात पोळ्या पाचच, महिन्याचे पैसे तेच. चौथ्या दिवशी शहाद्याचा एक पोरगा म्हणाला, "काकू, पोळी माझ्या ताटलीच्या कडेला टेकायची. आता टेकत नाही." मी घरात गेले, वही उघडली, दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लावली: डबा 2600 चा 2800, पोळ्या पाच, लाटी 45 ग्रॅम. दोन पोरं सोडून गेली. वजनकाटा आता पोळपाटाशेजारी असतो.