गेंड्याच्या शिंगाच्या चिनी पेल्यांवरची दृश्यं ओळखताना या चुका टाळा

संग्रहालयात एखाद्या चिनी पेल्याखाली ‘निसर्गदृश्य आणि मानवाकृती’ एवढीच चिठ्ठी दिसली की हळहळ वाटते. १७व्या-१८व्या शतकात गेंड्याचं शिंग कोरून केलेले हे पेले विद्वान अधिकाऱ्यांच्या मेजावर शोभत, मानाची भेट म्हणून दिले जात. कोरणारा कारागीर धरूनच चालायचा की पाहणाऱ्याला त्या दृश्यामागची कविता पाठ आहे. म्हणून तो अख्खी गोष्ट सांगत नाही, एखादी खूण ठेवतो. ती खूण सुटली की उरतात डोंगर, झाडं आणि म्हातारे.

एकाच बाजूने पाहणं ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक. शिंगाचं बूड रुंद आणि टोक निमुळतं. ते उलटं धरलं की बुडाकडची बाजू पेल्याचं तोंड होते. या आकारात चित्र सपाट बसतच नाही, ते पेल्याभोवती गुंडाळलेलं असतं. पेल्याचा कान पुष्कळदा पाइनच्या खोडाचा किंवा कड्याचा केलेला असतो आणि त्याच्या फांद्या कड ओलांडून आत उतरतात. कानापासून सुरुवात करून पूर्ण फेरी मारा, मग आत डोकवा, शेवटी तळ बघा. छायाचित्रावरून ओळखत असाल तर निदान चार बाजूंची छायाचित्रं हवीत.

दुसरी चूक नावेची, आणि ती जाणकारांकडूनही होते. नाव दिसली की ‘लाल कडा’ (यांगत्से नदीकाठचा प्रसिद्ध कडा) म्हणून मोकळं व्हायचं. हा विषय लोकप्रिय आहे हे खरंच. सू शी हा कवी हद्दपारीत हुआंगचौला असताना १०८२ साली दोनदा त्या कड्याखाली नावेतून गेला आणि त्यावर दोन गद्यकाव्यं लिहिली. पहिल्यात शरदातली चांदणी रात्र आहे, सोबतीला मित्र आहेत, त्यांतला एक बासरी वाजवतो. दुसरं त्याच वर्षीच्या थंडीच्या तोंडावरचं. त्यात तो एकटा कडा चढतो आणि मध्यरात्री एक करकोचा नावेवरून उडत जातो. तेव्हा नावेवर छत, आत दोन-तीन माणसं, मागे नावाडी आणि वर झुकलेला कडा असेल तर लाल कडा म्हणायला हरकत नाही. वर करकोचा असेल तर दुसरी रचना. हे कळलं की ऋतूही कळतो, आणि मग झाडांची पानं झडलेली का कोरली आहेत याचाही उलगडा होतो.

पण नावेत एकटा कोळी आहे, काठाला फुललेली पीचची झाडं आहेत आणि कड्यात गुहेचं तोंड आहे? मग ही ताओ युआनमिंग या कवीची ‘पीच फुलांचा झरा’ ही कथा. कोळी वाट चुकून अशा गावात पोचतो, जिथल्या लोकांचे पूर्वज छिन राजवटीच्या जुलमातून पळून आले होते. मधे हान राजवट येऊन गेली हेही त्यांना माहीत नाही. परतताना कोळी खुणा करून ठेवतो, तरी ते गाव पुन्हा सापडत नाही. गुहा नीट शोधा. ती बहुधा कानाजवळच्या खडकात दडलेली असते.

आणि जर ती नावच नसेल, गाठीगाठींचा पोकळ ओंडका असेल? मग त्यावर बसलेला माणूस म्हणजे चांग छिएन. हान सम्राटाचा हा दूत इ.स.पू. १३८मध्ये पश्चिमेकडे निघाला. नंतरच्या दंतकथेत तो पीत नदीचा उगम शोधत थेट आकाशगंगेत पोचला आणि तिथल्या विणकरणीने त्याला मागाचा दगड दिला. चू बीशान या सोनाराने १३४५मध्ये हाच विषय चांदीच्या पेल्यात घडवला होता. पुढे शिंग कोरणाऱ्यांनी आख्खं शिंगच ओंडका केलं. आकार आणि गोष्ट इतकी एकजीव झालेली मी दुसऱ्या कुठल्या कलेत पाहिलेली नाही.

माणसं मोजायचा कंटाळा करू नका. बांबूच्या बनात सात जण असतील तर ते तिसऱ्या शतकातले ‘सात ज्ञानी’ म्हणून ओळखले जाणारे कवी-विचारवंत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पुष्कळ मंडळी आणि पाण्यावर तरंगणारे लहान पेले असतील तर ऑर्किड मंडपातला मेळावा. ३५३ साली सुलेखनकार वांग शीचीने शाओशिंगजवळ ४२ जणांना जमवलं होतं. मद्याचा पेला वाहत येऊन ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, नाही जमली तर मद्य प्यायचं. २६ जणांनी मिळून ३७ कविता केल्या, १६ जणांना काहीच सुचलं नाही. पेल्यावर पेलेच तरंगताना कोरायचे, ही कल्पना मला फार आवडते. मात्र सगळे ४२ जण एका पेल्यावर मावत नाहीत, तेव्हा संख्या कमी भरली म्हणून ओळख चुकली असं समजू नका.

कोरलेल्या अक्षरांवरून लगेच काळ ठरवू नका. जुन्या सम्राटांची नावं आदरापोटी किंवा किंमत वाढवण्यासाठी नंतरही कोरली जात. चिनी पंचांगाच्या साठ वर्षांच्या चक्रातलं वर्ष असेल तर ते दर साठ वर्षांनी परत येतं. आधी घडण, मग अक्षरं.

खरं-खोटं पाहायला तापलेली सुई अजिबात टोचू नका. शिंग आपल्या नखा-केसांसारखंच केराटिनचं असतं. जळल्याचा वास म्हशीच्या शिंगालाही येतो, आणि वस्तूला कायमचा डाग पडतो. त्याऐवजी भिंगातून पाहा. गेंड्याच्या शिंगात उभे बारीक तंतू दिसतात आणि आडव्या छेदात त्यांचे ठिपके. म्हशीचं शिंग आतून पोकळ असल्याने त्यात असा भरीव, जाड पेला सहसा होत नाही. साफ करताना पाणी आणि तेल लावू नका, ऊनही दाखवू नका. मऊ कुंचल्याने धूळ झाडा. केराटिन खाणारी कीड लागते, म्हणून कोरीव खाचांत भुकटी दिसली तर लगेच जतनतज्ज्ञाला दाखवा.

आता कायद्याचं. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी १९व्या शतकात चीनशी मोठा व्यापार केला, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत चिनी वस्तू निघतात. तुमचा पेला खरोखर गेंड्याच्या शिंगाचा निघाला तर तो विकायचं मनातही आणू नका. भारतात गेंडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराचा चाप आहे. मोल विचारायला विक्रेत्याच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी वनविभागाशी बोला. मग गोष्ट ओळखायला संग्रहालयाच्या अभिरक्षकाकडे जा, आणि जाताना कानाच्या बाजूचं, आतल्या कडेचं आणि तळाचं छायाचित्र विसरू नका.