पॅन घेऊन बोरिवलीला निघायच्या आधी हे वाचा

माझ्या भाच्याने रील्स बघून बघून ऑनलाइन एक हिरवी प्लॅस्टिकची पॅन मागवली, ती नदीतली रेती धुऊन सोनं काढायची, आणि शनिवारी रात्री मला म्हणतो मामा, उद्या सकाळी नॅशनल पार्कात जाऊ, दहिसर नदीला पाणी आहे. आधी मी हसलो. मग त्याला बसवून जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

तिथे सोनं नाहीये, हे पहिलं. आपली मुंबई बसलीये बेसॉल्टवर, अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजलेला, आणि कर्नाटकात कोलार-हट्टीला सोन्याच्या शिरा आहेत तो दगड वेगळा, त्याहून कितीतरी जुना. ओढ्यात चमकतं ते क्वार्ट्झ नाहीतर झिओलाईटचे स्फटिक. पॅनच्या तळाला काळी रेती उरते ना, त्यावर चुंबक फिरवा, बरीचशी चिकटेल, ते मॅग्नेटाईट.

बरं, समजा असतं सोनं. तरी जमलं नसतं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तिथलं काही उचलून न्यायचं नाही, आणि १९२७ च्या वन कायद्यात जंगलातली माती, दगड, खनिज सगळंच 'वनोपज' धरलंय, म्हणजे बाटलीभर रेती घरी नेलीत तरी ती वनोपजच, "अहो साहेब नुसती रेतीच आहे" हे तिथे चालत नाही. पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या आसपास तर संरक्षित स्मारकाचा कायदा वेगळा, त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत मनाई असलेलं क्षेत्र. ह्या सगळ्याच्या वर खाणींचा १९५७ चा कायदा, त्यात सोनं खणायलाच नाही तर शोधायलासुद्धा परवाना लागतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. "छंद म्हणून करतोय" अशी सूट आपल्याकडे नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात कारण रील्समधला गोरा माणूस आरामात नदीत उभा असतो.

मग मेटल डिटेक्टर घेऊन चौपाटीवर? विसर्जनानंतर जुहूला, गिरगावला डोळे वाळूत लावून फिरणारे आपण सगळ्यांनी बघितलेत. पण कुणाची पडलेली चेन सापडली तर ती तुमची होत नाही, मालक शोधायचा प्रयत्न न करता खिशात घातलीत तर गुन्हा आहे, सरळ जवळच्या पोलीस स्टेशनला द्या आणि पोच घ्या. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं, (हो, दहा रुपये, ती रक्कम कुणी बदललेलीच नाही), लपवलंत तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईत धुळीतून सोनं काढणारे खरे लोक म्हणजे झवेरी बाजारातले झारेकरी. सोनारांच्या कारखान्यातला केर, गटारातला गाळ, ते धुऊन कण काढतात. पण तो छंद नाही, पोटाचा धंदा आहे, कारखान्याचा केर ते पैसे मोजून घेतात, तिथे पॅन घेऊन मध्ये कडमडू नका.

आता करायचंच असेल तर कुठे? माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते, भाचा मे महिन्यात मावशीकडे चाललाय, तिकडे हे रीतसर करता येतं. व्हिक्टोरिया राज्यात 'मायनर्स राईट' नावाचा परवाना ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो, आणि सापडलेलं सोनं तुमचं. १८६९ साली तिथे मोलियागुलला मातीच्या जेमतेम खाली ७० किलोपेक्षा जास्त सोन्याचा गोळा निघाला होता, तेव्हा लोक अजून का फिरतात ते कळतं. पण अटी नीट वाचा. फक्त हाताची अवजारं आणि डिटेक्टर, मशीनने खोदणं नाही. खणलेला खड्डा परत बुजवायचा. झाडांना धक्का नाही, आदिवासींच्या वारशाच्या जागा सोडून द्यायच्या, खासगी जमीन असेल तर मालकाला विचारायचं. आणि परवाना आहे म्हणून कुठल्याही पार्कात घुसायचं नाही, तिथली बहुतेक नॅशनल पार्क बंदच आहेत, काही पार्कांत ठराविक पट्ट्यात परवानगी आहे, ते पार्क्स व्हिक्टोरियाच्या साइटवर निघायच्या आदल्या दिवशी बघायचं. न्यूझीलंडला जात असाल तर अ‍ॅरोटाऊनची अ‍ॅरो नदी सोपी, परवाना लागत नाही, फक्त हाताने चालणारी साधनं.

येताना एक लक्षात ठेवा, कस्टमची ड्युटी-फ्री सवलत दागिन्यांना असते, कच्च्या सोन्याला नाही. दोन कण असले तरी रेड चॅनेलला जाऊन सांगा.

तोपर्यंत सराव गच्चीवर करा. रेती बिल्डिंग मटेरियलच्या दुकानातून विकत घ्या, चौपाटीवरून पिशवी भरून आणू नका, तीपण विनापरवाना काढता येत नाही. मासेमारीचे शिशाचे बारीक छर्रे हातोडीने चपटे करा आणि दहा मोजून रेतीत मिसळा. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, शिसं अकरा पट, रेती अडीच पट, म्हणजे शिसं राखता आलं तर सोनं राहीलच. पॅन पाण्याखाली धरून डावी-उजवीकडे जोरात हलवायची, जड ते तळाला बसू द्यायचं, मगच पुढे कलती करून वरची रेती थोडी थोडी जाऊ द्यायची. सगळे घाई करतात ती इथेच. आजी सुपात पाखडायची तसाच हात लागतो, फक्त फुंकर नाही, पाणी. झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.

भाच्याचे पहिल्या दिवशी दहातले चार राहिले, आठवड्याने नऊ. दहावा मोरीत गेला असणार, त्याची आई म्हणते आता झारेकरी तूच बोलव.